सात इंच सहा सूत

माझगावच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला
बोनिफास अंकल टेप लावतात. मुठीपासून दोरी
सात इंच, त्यातही सूतभर कमीच.
"मनगटाची सालं काढील ही."

धनुष्य माझ्या तिप्पट वयाचं.
पात्यावर पुसट शाईत लांबी: सहासष्ट.
चार वजा करून दोरी वळलीय बासष्टची,
साध्या डॅक्रॉनची.
मी आणलेली नवी, न ताणणारी,
"म्हाताऱ्याची टोकं उपटून नेईल," म्हणाले,
आणि तिच्यावर बनियन वाळत घातले.

उतरव. पाच पीळ घाल. चढव,
गुडघा न लावता, पातं मुरगळतं.
मी गोणपाटात बाण सोडते.
ते पाठ करून ऐकतात,
कुठे लागला ते विचारतही नाहीत.
"खणखणतंय." आणखी तीन पीळ.
गोदीत चाळीस वर्षं फिटर होते,
दुखणं त्यांना कानाने कळतं.
"अजून दोन."

मग एकदाच, फट्.
टाकीवरची कबुतरंसुद्धा हलली नाहीत.

टेप. सात इंच सहा सूत.
"फिलोमिनाचा हाच आकडा."
"आणि तुमचा?"
"माझा कसला? मी बाण कधी मारलाच नाही.
दोरी चढवून द्यायचो."

पेन्सिल आणतो म्हणून खाली गेले.
बराच वेळ झाला.