चाव्या परत करताना

कार्यालयाला आकडे हवेत, एल्स्पेथबाई.
वर्षभरात किती जण आले, कितींनी प्रार्थना केली,
किती लिटर सूप.
सूप मी मोजलेलं नाही.
मसूर अंदाजानंच भिजत घालायचे,
संगमनेरला नाताळच्या जेवणाला आई घालायची तशी,
पातेलं बघून.

सप्टेंबरात तुम्ही दोन चाव्या दिल्यात,
एक चॅपलची, एक भांडाराची.
"दुसरीच जास्त लागेल," म्हणालात.
दर गुरुवारी ती लागलीच: पास्ता, बीन्स, सॅनिटरी पॅड,
भाडं भरून उरलेल्या आठवड्यापुरतं.
एनुगूचा ओबिन्ना पीएचडी करतो पुलांवर,
म्हणजे पुलांच्या गंजण्यावर.
पिशवी घेतली की लगेच खुर्च्या लावायला धावायचा,
फुकटचं अंगावर राहू नये म्हणून.
त्याला कुठल्या रकान्यात घालू,
लाभार्थी की सेवक?

शुक्रवारी रात्री एक वाजता आपण रस्त्यावर.
डंडीत टे नदीवरून येणारं वारं हाडांत शिरतं.
त्या पिवळ्या जाकिटात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.
पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि रबरी चपला.
उंच टाचा हातात धरून पोरी अनवाणी यायच्या
फुटलेल्या काचांवरून, हसत, नाहीतर रडत.
पहिल्या रात्री मी चपला लांबूनच पुढे केल्या.
तुम्ही सरळ फुटपाथवर गुडघे टेकलेत,
ऑपरेशन झालेले ते गुडघे,
आणि त्या मुलीची टाच तळहातावर घेतलीत.

आमच्याकडे चपला देवळाबाहेर काढतात
(चर्चलाही आम्ही देऊळच म्हणतो).
इथं देऊळच चपला घेऊन बाहेर पडलेलं.

फेब्रुवारीत दादा गेले.
माती त्याच दिवशी होती, तिकिटाला पैसे असते
तरी पोचले नसते.
मोबाइलवर पाहिली, तुटत तुटत:
खड्डा, मग चुलत्यांचा सदरा, मग नुसतं आभाळ.
त्या दिवशी चॅपलला आतून कुलूप घातलं.
मला कुणी नको होतं.
तो तर मुळीच नको होता.

दार वाजलं. वाजतच राहिलं.
लाल केसांची एक मुलगी, हातात पिशवी.
"ऑक्टोबरात दिल्या होतात. परत करायच्या राहिल्या."
चपला. धुतलेल्या.
पट्ट्यांच्या खाचांतली मातीसुद्धा ब्रशनं काढलेली.
त्या कुणी परत करत नाही, कुणी करावी अशी अपेक्षाही नसते.
मला तिचा चेहरा आठवेना. तिला माझा आठवत होता.
तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
काही विचारलं नाही, किटली लावली,
चुकीची कपाटं उघडत उघडत कप शोधला.
पाणी नीट उकळलंही नव्हतं.
मी सगळा चहा प्यायले.

प्रार्थना झाली का, असा रकाना आहे.
तिनं पाऊण तास मला तिच्या फुटबॉल संघाबद्दल सांगितलं,
तो दरवर्षी कसा कसा हरतो त्याबद्दल.
काय लिहू?

उद्या इनव्हरनेसचा फर्गस येईल. चाव्या पाकिटात आहेत.
भांडाराच्या चावीला दोरा बांधलाय,
अंधारात हाताला कळावी म्हणून.
दुसऱ्या फळीवर, तांदळामागे,
साठा मोजताना चपलांचा एक जोड जास्त येईल.
चूक नाही ती.
तसाच लिहा.