परतीची नळी

लीक्सेलेच्या रस्त्यावरच्या गोठ्यात, जिथे आता गाई नाहीत,
बाबांची सहासष्ट सालची व्होल्वो चार ओंडक्यांवर उभी आहे.
बाहेर उणे एकवीस. हीटर दाराबाहेर,
कारण टाकी उतरवून तीन दिवस झाले तरी
पेट्रोलचा वास पाहुण्यासारखा बसून आहे.

टुरे म्हणाला, वेल्डिंगआधी टाकी पाण्याने भर, काठोकाठ.
जिथे पाणी आहे तिथे वाफ नाही,
आणि जिथे वाफ नाही तिथे तू उद्याही आहेस.
जंगलातली यंत्रं चाळीस वर्षं दुरुस्त करणारा माणूस हा,
डाव्या हाताला तीनच बोटं.
मी भरलं. पाणी तांबडं झालं,
चहाच्या तळासारखा गंज वर आला.

कार्ब्युरेटर दयाळू होता.
वाटीभर साठवून ठेवायचा,
वळणावर पेट्रोल एका कुशीला कललं
तर थोडं खोकून पुढे जायचा.
टर्बोकडे माफी नाही.
ऐन दाबात पंपाने एक घोट हवा गिळली
की पिस्टनला नाण्याएवढं भोक.

म्हणून टाकीच्या आत पत्र्याच्या भिंती घालतेय,
मधोमध एक छोटी खोली, तिला उलट्या झडपांची दारं:
आत या, बाहेर जाऊ नका.
पंप त्या खोलीत बुडून बसेल.
जुनी नळी सहा मिलीमीटरची होती, नवी आठची,
गुडघ्यावर टेकवून वाकवलेली,
एक्झॉस्टपासून हातभर लांब,
वीत-वीत अंतरावर चिमटे,
पत्र्यातून जाते तिथे रबराचं कडं,
नाहीतर पत्राच तिला कुरतडेल, वर्षभरात, न बोलता.

आणि दुसरी नळी. ती बाबांच्या वेळी नव्हतीच.
तेव्हा पेट्रोल जायचं, आणि जायचं.
आता इंजिनाच्या उंबरठ्यावर दाबाचा राखणदार,
टर्बो जेवढं फुंकेल तेवढंच तोही पुढे रेटणार,
आणि जे लागलं नाही ते सगळं परत टाकीत.

डिकीच्या तळाला एक भोक आहे, बूच लावलेलं.
काटा बिघडला तेव्हा बाबांनी तिथून काठी घालायला सुरुवात केली,
बर्चची, खाचा पाडलेली.
सर्वात वर उमेओ. मग विंडेल्न.
मग मावशीचं घर, मग दुकान.
मधे एक खाच वेगळी, तिरकी, खोल.
तिला गावच सापडेना.

आई कधी गोठ्यात येत नाही. दारात कॉफी ठेवते, जाते.
काठी दाखवली तेव्हा तिने चष्मा शोधला,
अंगठा तिरक्या खाचेवर फिरवला.
"ही जाण्याची नाही.
इथवर उतरलं की तो मागे वळायचा.
कुठेही असला तरी."

मी टुरेला सांगितलं, काठीपुरती फट सोड भिंतीत.
तो म्हणाला, वेड लागलंय,
तीनशे घोड्यांना त्या खाचा काय सांगणार?
उमेओच्या खाचेत विंडेल्नही गाठणार नाही.
पण फट सोडली. कडा कानसून गुळगुळीत केल्या,
मी न सांगता.

काल आई आली. तिच्या लोकरी टोपीवर बर्फ.
पाच-पाच लिटर पाणी ओतत गेलो आम्ही,
ती काठी धरायची, मी सुरीने खाच पाडायचे,
काठीच्या दुसऱ्या, कोऱ्या बाजूला.
गावांची नावं तिने लिहू दिली नाहीत.
"आधी जाऊन ये," म्हणाली.

मग टाकी सुकवली, दोन दिवस गरम हवेने,
पेट्रोल भरलं, पंप लावला. इंजिन बंदच.
भुणभुण, मग नळीतून हवेचे बुडबुडे,
मग तो सलग आवाज, परत आलेल्याचा,
टाकीत पडणाऱ्या धारेचा.
टुरे टॉर्च घेऊन खाली सरपटला.

सहाव्या जोडाला एक थेंब.
पुसला. पुन्हा एक.
दिवे मालवले. उद्या.