अकरा कोऱ्या ओळी

वागळे इस्टेटमध्ये, सोळा नंबर रोडच्या मागच्या गाळ्यात
मी अक्षरं जुळवतो. म्हणजे जुळवत नाही आता कोणी,
पडद्यावर ओढतो इकडून तिकडे,
पण आमचे शेठ अजून जुळवणीच म्हणतात.
दिवाळी अंक भाद्रपदात येतात
आणि पितृपक्षात सगळ्यांना घाई होते.

त्या वर्षी एक विज्ञानकथा आली, हातानं लिहिलेली.
हेमलता टिपणीस, चरई, ठाणे पश्चिम.
प्लूटोच्या जरा पुढं गेलेल्या यानात एक मुलगी,
इकडं कोलशेतला सातव्या मजल्यावर तिची आई.
आई विचारते, ‘जेवलीस का?’
मग पानावर अकरा ओळी कोऱ्या.
मग मुलगी म्हणते, ‘हो. तू?’

मला वाटलं, बाईंचा हात चुकला.
वय झालं की सुटतात ओळी.
मी खालचं वर घेतलं. एक कळ दाबली
आणि मुलगी आतल्या खोलीतून बोलल्यासारखी बोलली.
पुढं ‘अवकाश गप्प होतं’ असं होतं,
तिथं ‘शांत’ केलं.
तेवढी अक्कल मला आहे, असं तेव्हा वाटायचं.

प्रूफ घेऊन बाई स्वतः आल्या,
तीन हात नाक्याला रिक्षा बदलून.
मांडीवर पर्स, पर्सवर प्रूफ.
चिडल्या नाहीत.
म्हणाल्या, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते,
ट्रंक कॉल जोडायचे.
लाइन मेली की कानात एक ऐकू येतं.
लाइन जिवंत आहे आणि पलीकडचा बोलत नाही,
तेव्हा दुसरंच.
तीन मिनिटांचे पैसे भरून
माणसं दोन मिनिटं काही बोलायची नाहीत.
मी मध्येच ‘हॅलो’ म्हटलं नाही कधी.

प्रकाशाला तिथून यायला साडेपाच तास, जायला साडेपाच.
तासाला एक ओळ धरली होती मी.
आईनं वाट पाहायची होती हो तिथं,
तुम्ही वाटच लावलीत.
आणि स्वतःच्याच कोटीला खुदकन हसल्या.

मग लाल पेनानं ‘शांत’ खोडलं.
शांत तळं असतं, म्हणाल्या. मासुंदा, पहाटे चारला.
गप्प बसायला कोणीतरी असावं लागतं.

मी विचारलं, मग कोण आहे तिथं?

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
शेजारी ऑफसेट धडधडत होतं,
कटिंगवाला मोबाइलवर मॅच ऐकत होता,
आणि तरी मला त्यांचं न बोलणं
स्पष्ट ऐकू आलं.

रात्री अकरा ओळी परत सोडल्या, एकेक करून.
पहिलीत आईनं मेथी निवडली असेल.
चौथीत सोसायटीचा पंप सुरू झाला असेल.
सातवीत खुर्चीत डोळा लागला असेल तिचा,
नववीत दचकून जाग.
मी काहीच टाइप करत नव्हतो
आणि इतकं लक्ष देऊन याआधी कधी टाइप केलं नव्हतं.

संपादक म्हणाले, कोरी जागा बघून लोक छापखान्याला हसतात.
शिवाय पाव पानाचे अडीच हजार येतात.
अंक आला तेव्हा तिथं उटणं होतं.
‘जेवलीस का?’
अस्सल पाच वनस्पती, अभ्यंगस्नानासाठी, पत्ता नौपाडा.
‘हो. तू?’

मी माझी प्रत घेतली,
पांढरा कागद मापात कापला, डिंकानं चिकटवला.
दिव्यासमोर धरला तर उटण्याचा डबा
खालून अंधूक दिसत होताच.
तसाच पाठवला चरईच्या पत्त्यावर,
सोबत चिठ्ठी नाही.

पोच आलेली नाही.
फोन नंबर आहे माझ्याकडे, लावत नाही.
आठवड्याला एक धरली, तर
आज सहावी ओळ चालू आहे.