पत्र्याची जाडी

तीन महिने तो चपलांच्या खोक्यात चालला.
वर लिहिलेलं: सात नंबर, गोंडा, एक जोड.
आत मदरबोर्ड,
खाली थर्माकोल, कडेला उघडा पंखा.
बटण नव्हतंच. दोन पिना
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जुळवायच्या
की एक हिरवा ठिपका उगवायचा.
शेजारच्या बोक्याला कळलं सगळ्यात आधी
की ह्या खोक्यात ऊब आहे.

विकत का घेत नाहीस, सगळे म्हणाले.
राजारामपुरीत मिळतात की,
काचेच्या, आत सात रंगांचे दिवे,
मंडळाच्या मांडवासारख्या.
पण माझी जागा जिन्याखालची,
शिलाई मशीन उचलल्यावर उरलेली, वरून तिरकी.
आणि खरं सांगायचं तर
दिवसभर मी फौंड्रीसाठी चित्रं काढते,
पंपाचं आवरण, व्हॉल्व्हची बॉडी,
ती वाळूत जातात, लोखंड होऊन निघतात,
ट्रकात चढतात.
त्यातलं एकही
माझ्या हाताला कधी लागलेलं नाही.

उद्यमनगर, हसनचाचा शिकलगारांचं शेड.
कपाटाच्या कामातून उरलेला अठरा गेजचा तुकडा.
"काय करायचं म्हंतीस?"
"कॉम्प्युटरची पेटी."
"कुलूप?"
"नाही."
"मग पेटी कसली."

मापं मला पाठ होती.
बोर्ड तीनशे पाच, दोनशे चव्वेचाळीस.
पंख्याला एकशे वीस, त्याच्या भोकांत अंतर एकशे पाच.
बोर्ड तरंगला पाहिजे
पितळेच्या नऊ खुंट्यांवर, पत्र्यापासून साडेसहा मिलिमीटर,
टेकला की मेला.
कागद बरोबर होता.
कागद नेहमीच बरोबर असतो.

दोन शनिवार गेले.
कानशीनं धार मारताना अंगठ्याला काप,
चाचांनी न बोलता त्यावर ग्रीस फासलं.
आणि बसवायला घेतला
तर बसेना.
किती? जेमतेम अडीच मिलिमीटर.
बाकी सगळं आत, एक कोपरा बाहेर,
हट्टी पोरासारखा.

चाचांनी कॅलिपर काढलाच नाही.
नखानं कड चाचपली.
"आत बसणाऱ्याचं माप घेतलंस.
पत्र्याला बी जाडी असती, बाई.
ती कुणी धरायची?"

एक पूर्णांक दोन ह्या भिंतीला,
एक पूर्णांक दोन त्या.
लोखंड निवताना आक्रसतं,
ते मी रोज धरते, शंभराला एक.
लोकांच्या कामात
आजवर एकदाही विसरलेले नाही.

दुसरी पेटी त्यांनी आखू दिली पत्र्यावरच,
अणकुचीदार सुईनं, चरचरत.
रंगाला गोकुळ शिरगावच्या भट्टीत गेली
कुणाच्या तरी बंगल्याच्या गेटाबरोबर,
म्हणून चॉकलेटी. मला कुणी विचारलं नाही.
घरी आणून खुंट्यांखालचा रंग परत खरवडला,
अर्थिंगला उघडं लोखंड लागतं.

मूठ सुभाषनगरातून, आक्काताई सातपुत्यांकडून.
"वजन किती उचलायचं?"
"आठ किलो."
"मग म्हशीचं घे." आणि वेणी घालता घालता,
"तेल लावत जा. यंत्राला नव्हं, हिला."

चालू केला रात्री अकराला.
पंखा असा फिरतो
जसं पलीकडच्या खोलीत कुणी गहू पाखडतंय.
एक भोक तिरकं आहे, मागच्या बाजूला,
भिंतीकडे तोंड करून ठेवलंय त्याला.
बोका दोन दिवस खोकं शोधत होता.
मग पेटीच्या वर, जिथून गरम हवा येते तिथं,
बसून जाळी झाकायला लागला. रोज उठवते.

पहिली पेटी चाचांच्या शेडात आहे.
आत रिबिटं, कानशी, ग्रीसचा अर्धा डबा.
परवा गेले तर तिला झाकण होतं,
झाकणाला कडी,
कडीला कुलूप.