एकशेसत्तर मिलिमीटर

दुर्वा, तू विचारलंस, घेऊ का.
म्हणून आज उजाडायच्या आत पोवई नाक्यावरून निघालो.
राजपथ झोपलेला, समर्थ मंदिरापाशी
एक टँकर आपल्याशीच गळत उभा,
आणि माझ्याखाली भोइट्यांच्या मुलाची सायकल,
पुढे एकशेसत्तर मिलिमीटर, मागे एकशेसाठ,
म्हणजे वीतभराला दोन-तीन बोटं कमी
एवढं दबायची मुभा.

चढाचं आधी सांगतो, ते कोणी सांगत नाही.
यवतेश्वरचा घाट तिला आवडत नाही.
मागचा शॉक आवळला तरी
पाण्यातून निघालेल्या म्हशीसारखी चालते,
रुसून नाही, तिला घाई नाही एवढंच.
दुसऱ्या वळणावर दूधवाला पुढे गेला,
त्याच्या किटल्या हसल्यासारख्या वाजल्या.
सोळा किलो. लिहून ठेव.

वर देवळामागे थांबून हवा बघितली.
पोराच्या अंगाला भरलेली,
मी त्याच्याहून अकरा किलो जास्त (गप्प बस),
थोडी वाढवली.
शॉकवरची रबरी कडी सरकवली,
बसलो, अलगद उतरलो, पट्टी लावली,
तीस टक्के, बरोब्बर.
लेथवर अठ्ठावीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला
असं काही मोजून जुळलं की बरं वाटतं.

मग सीट खाली, आणि महादऱ्याकडची उतरण.

आधी जांभ्याचा पट्टा, सगळा भोकाभोकांचा,
मग कारवीतली वाट, मग मुरूम,
जिथे चाक आपलं नसतं,
मग काळ्या दगडाची ती पायरी,
गेल्या पौषात तुझं गळ्याखालचं हाड
जिथे दोन झालं.
माझ्या जुन्या सायकलवरून मी तिथे नेहमी उतरतो.
लाज नाही वाटत.
आज उतरायचं ठरवेपर्यंत
पायरी मागे पडली होती.

थांबलो. वळून बघितलं.
होती. तेवढीच उंच.

इथे माझं अडलं, दुर्वा.
जुनी सायकल एकेक दगड
दातांपर्यंत आणून सांगते,
ही सगळं पोटात ठेवते.
तिच्यावर माणूस आहे त्याच्यापेक्षा चांगला होतो,
आणि त्याला ते खरं वाटायला लागतं.

खाली कारवीची मोळी घेतलेली एक बाई
बाजूला सरून उभी.
“एवढ्या जोरात? मागं कोण लागलंय?”
“कुणी न्हाई.”
“मग?”
मला उत्तर आलं नाही.
तिनं मोळी सावरली आणि वर गेली,
माझ्याहून निम्म्या श्वासात.

आता दोष.
मागचा ब्रेक तापला की लांबतो, करपल्याचा वास येतो,
तेल बदलावं लागेल.
मागच्या बिजागरीत टिकटिक आहे, बेअरिंग गेलंय.
पुढचा टायर एका बाजूनं झिजलाय,
पोरगं उजवीकडेच धीट असणार.
यावर आठ हजार कमी करा म्हण.
भोइटे करतील.
मुलगा गेला नाशिकला बँकेत,
आणि भिंतीला टांगलेली वस्तू
जेवताना रोज समोर येते.

तळ्यावर पोचलो तेव्हा हात थरथरत होते,
भीतीनं नाही, की भीतीनंच,
इतक्या उशिरा ओळखू येत नाही.
घरी यायला डांबरी रस्ता होता.
मी सायकल परत वर ढकलली,
त्या पायरीपर्यंत, पाऊण तास,
शिव्या देत, कोणाला ते ठरवलं नाही.
दगडाला हात लावून बघितला, गार होता,
कडेला तुझ्या हेल्मेटचा निळा ओरखडा अजून आहे.
नखानं खरवडला, निघाला नाही.

घे.
रिबाउंड दोन क्लिक हळू ठेव,
नाहीतर पायरीवर ती तुला उडवेल.
आणि पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री फोन कर,
मी त्या दगडाखाली येऊन उभा राहीन.
झेलायला वगैरे नाही.
नुसता.