चटईखाली

पहाटे चारला निघालो.
मामाच्या डोक्यावर चटई, माझ्या खांद्यावर सरपण,
मागून भाऊ लाव्हाचे काळे दगड घेऊन, केळीची पानं घेऊन.
सवाई बेटावरची रीतच आहे ही:
हे घ्या लाकूड, हे दगड, ही पानं.
भट्टी लावा आणि आम्हालाच भाजा.
चटई उचललीत तर जगलो.
नाही उचललीत तर तेही तुमच्या हातात.

टुइलोमाच्या घरात कंदील जळत होता.
कुत्रं एकदा भुंकलं आणि बसलं.
आम्ही गुडघे टेकले. मामीनं चटई पसरली,
तिच्या आजीनं विणलेली, रेशमासारखी,
लग्नाला आणि मरणालाच पेटीतून निघणारी.

मामा गावचा मताई.
साखरेनं त्याचा अंगठा चिघळलेला, गुडघा सुजलेला.
ट्रक त्यानं चालवला नव्हता.
चाळीस वर्षांत त्यानं दारूला ओठ लावला नव्हता.
मी म्हटलं, तू घरी थांब.
"गप्प बस, एनेलिको," म्हणाला,
आणि माझ्या डाव्या अंगाला कण्हत टेकला.

उजाडलं तसा विणीतून प्रकाश आला,
बारीक, चौकोनी, हजार भोकांचा.

पोलिसांना मी सांगितलं होतं, अंधार होता.
अंधार होताच.
पण तो माझ्याच ट्रकचा.
डावा दिवा तीन आठवडे फुटलेला,
दुरुस्तीचे पैसे मी शुक्रवारी बाटलीत घातले.
पेनिआमिना सायकलवर होता. दहा वर्षांचा.
आरशात मला त्याचं चाक दिसलं, फिरत राहिलेलं.
मी थांबलो नाही.
हे कुणालाच माहीत नाही.
हे चटईखाली फक्त तुला माहीत आहे,
आणि तू काही बोलत नाहीस.

रविवारच्या शाळेत घोकलं होतं, देव न्यायी आहे.
वाटायचं, वर कुठेतरी तराजू असेल,
माशांच्या बाजारात असतो तसा, गंजका, पण खरा.
इथं तराजू नाही.
इथं मामाचा श्वास आहे आणि त्याच्या जखमेचा वास.

प्रभू, आजवर माफी मागितली
ती मार चुकवायला.
आज मार दे.
फक्त तोंड फिरवू नकोस.

आणि तिला काय म्हणू?
अपराध पोटात घाल म्हणतात.
ज्या पोटात तो नऊ महिने होता
त्याच पोटात हे घाल, म्हणू?

देवळासमोर टांगलेलं रिकामं सिलिंडर कुणीतरी लोखंडानं बडवलं.
प्रार्थनेची वेळ झाली. कुणी गेलं नाही.
ऊन चढलं.
मग पहिला दगड आला,
पोराच्या थोरल्या भावाचा असणार,
आणि मामाच्या पाठीत बसला.
माझ्या नाही.
मामा "हं" म्हणाला, एवढंच,
जणू कुणीतरी हाक मारली होती.

तेव्हा मी रडलो.
त्याआधीचं सगळं रडणं माझ्यासाठी होतं.

किती वेळ गेला कोण जाणे.
चटईच्या काठाखाली दोन पाय आले,
टाचा भेगाळलेल्या, एका नखाला माती.
कबरीची असावी.
सिनापातीनं चटई उचलली.
आभाळ एकदम अंगावर आलं.
तिनं मला विचारलं, "दिवा का नव्हता?"

मी सांगितलं.
बाटलीचं सांगितलं, आरशाचं, चाकाचं.
पोलीस तिथंच होता, फणसासारख्या त्या झाडाखाली,
त्यानं वही काढली.

ती काहीच बोलली नाही.
मामाला तिनं हात दिला, उठवलं, पाणी मागवलं.
मला हात दिला नाही.
पण चटई पुन्हा माझ्यावर टाकलीही नाही,
ती तिनं घडी करून काखेत धरली,
झोपलेलं लेकरू धरावं तशी.

तारण म्हणजे काय, मला अजून नीट सांगता येत नाही.
पायांना मुंग्या आल्या होत्या, जीपपर्यंत लंगडत गेलो.
मागे वळून पाहिलं:
दगड थंड, पानं हिरवी,
लाकडं होती तशीच, न पेटलेली,
आणि त्यांवर एक कोंबडी
आरामात चढून बसत होती.