संदर्भसूची, नोंद सत्तेचाळीस

आडनाव, स्वल्पविराम, नाव.
कंसात साल. शीर्षक तिरप्या अक्षरांत.
मग नागपूर, विसर्गासारखी दोन टिंबं, प्रकाशक.
शेहेचाळीस नोंदी गुमान बसल्या ओळीत.
कूलरच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडू नयेत
म्हणून वर खलबत्त्यातला बत्ता.

सत्तेचाळिसावी: बत्तीस पानं, गंजलेली पिन,
मुखपृष्ठावर एवढंच –
तानुबाई, रिंगखातं.
घरडे सरांनी लाल शाईत विचारलं: आडनाव?

इतवारीतला तो छापखाना आता लग्नपत्रिका छापतो.
म्हातारे मालक चष्मा पुसत म्हणाले,
आमच्या बाबांनी विचारलं होतं न.
तर म्हणे, कायले पाह्यजे?
खिळे तेवढेच कमी लागतीन.
अन् चिल्लर मोजून दिली.

परतताना सीताबर्डीच्या सिग्नलला उभी,
ऊन डोक्यावर.
आडनाव नसलेल्यांसाठी नियमपुस्तिकेत अर्धं पान आहे:
राजे, संत, निनावी.
ती यांतली कुणीच नाही.

रात्री स्वल्पविराम खोडला.
ताकसांडे आणि तितरमारे यांच्या मधे
तिला जागा करून दिली.
शीर्षक तिरपं केलं.
सरांचा प्रश्नही तिरपाच होता,
तो राहू दिला समासात,
लाल.